आंब्याचं माप

पासलीच्या शाळेत श्रीपाद मास्तरांनी फळ्यावर बैल काढला, तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "म्हस!" मास्तरांनी शिंगं बदलली, वशिंड वाढवलं, तरी वर्ग म्हशीवर ठाम. शेवटी त्यांनी खाली 'बैल' असं लिहून विषय मिटवला. मनातून मात्र तो मिटला नाही. पंचविशी उलटली, रोज बैल बघतो, आणि बैल कसा असतो ते आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट त्यांना भारी लागली.

मार्गशीर्षात भोरला घरी गेले तेव्हा त्यांनी चित्रं काढणाऱ्या आपल्या मित्राला, मधूला गाठलं. मधू म्हणाला, "रोज एकच वस्तू काढ. डोक्यातली नको, डोळ्यांसमोरची. हात लांब करून पेन्सिल धर, एक डोळा मिट आणि माप घे." एवढा उपदेश आणि एक कोरी वही घेऊन मास्तर परत आले.

बैल काही एका जागी उभा राहीना, म्हणून त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या धोंडाबाईंचा आंबा निवडला. भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला, खळ्याच्या कडेला तो एकटा उभा होता. रोज सकाळी शाळेआधी मास्तर कानटोपी घालून बांधावर बसत. थंडी अशी, की पेन्सिल बोटांत आहे की नाही याची बघून खात्री करावी लागे. पहिल्या दिवशीचा आंबा केरसुणीसारखा आला. दुसऱ्या दिवशीचा उलट्या केरसुणीसारखा.

पण पाच-सहा दिवसांनी गंमत झाली. मास्तरांना झाड दिसू लागलं. खोड तपकिरी असतं असं ते जन्मभर धरून चालले होते. ते तर चक्क करडं होतं, आणि ऊन डोंगरावरून उतरलं की एका अंगानं पिवळं. सगळ्यांत खालची फांदी जमिनीकडे येऊन कोपरासारखी पुन्हा वर वळली होती. ती अशी का वळली असेल? या एका प्रश्नानं मास्तरांना दिवसभर चैन पडेना. पाढे घेताना त्यांचं लक्ष खिडकीबाहेर, आणि पोरं सतरा साते वाटेल ते सांगून मोकळी होत.

एकच खोट होती. आपण चित्र काढतो हे सांगायची त्यांना लाज वाटे. चांगला बाप्यागडी, त्यातून मास्तर, आणि झाडं चितारत बसलाय! वाटेनं जाणारं कुणी थांबलं की ते घाईनं वही मिटत आणि म्हणत, "काही नाही, जरा माप घेतोय."

लोक पुढं जात. कागद घेतलेला माणूस एक डोळा मिटून शिवाराकडे रोखून बघतो आणि तोंडानं 'माप' म्हणतो, याचा अर्थ तिथं कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. पलीकडच्या खोऱ्यात धरण झालं, त्याआधी अशीच माणसं आली होती. धोंडाबाईंचं माहेर त्याच पाण्याखाली गेलं होतं.

पंधराव्या दिवशी मास्तर बांधावर पोचले, तर आंब्याखाली धोंडाबाईंचा मुलगा रखमाजी कुऱ्हाड घेऊन उभा. ती कोपरासारखी फांदी खाली पडली होती आणि तिच्या शेंड्यांना नुकता मोहोर फुटत होता. धोंडाबाई खळ्यात झाडाकडे पाठ करून बसल्या होत्या.

"अहो, हे काय करताय?" मास्तर ओरडले.

"मला काय इचारता?" धोंडाबाई गर्रकन वळल्या. "धरान येनार ते कळलंय आमाला. माज्या बापानं त्येचा आंबा तोडला न्हाई. म्हनला, पोटच्या पोरावर कुराड कशी घालू? त्यो उभाच्या उभा बुडाला. वरीसभर शेंडा पान्यावर दिसायचा, मास्तर. ह्येला म्या तसा मरू देनार न्हाई. त्यापरीस माज्यासमोर जाऊ दे."

"कसलं धरण? कोण म्हणालं?"

"मग रोज हितं बसून माप कोन घेतंय?" रखमाजीनं विचारलं.

दोन आठवडे लपवलेली वही मास्तरांनी खळ्यात उघडून ठेवली.

रखमाजीनं वाकून पानं उलटली. "आकडं कुठं हायती?"

"आकडे नाहीत. मला बैल काढता येत नाही, म्हणून झाड शिकतोय."

"आन् ही केरसुनी?"

"तो आंबाच आहे," मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले.

रखमाजीला हसू आवरेना. "आये, ह्यो मोजनीवाला न्हाई गं. त्येनं असं काढलं तर त्येला घरी बशिवत्याल!"

धोंडाबाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मांडीवर ओढून घेतली. कालच्या चित्रावर त्यांचं बोट त्या वळलेल्या फांदीपाशी थांबलं.

"रखमा ल्हान असताना हिच्यावर बसायचा," त्या म्हणाल्या. "रोज. त्येच्या वज्यानं ती खाली आली. त्यो मोठा झाला, उतरला, मंग ती वर निघाली."

मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, आणि फांदी पायाशी पडली होती. त्यांना आपली आणि आपल्या लाजेची मनापासून शरम वाटली.

"माझं चुकलं, आजी. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"व्हय, चुकलंच," धोंडाबाई म्हणाल्या. पण बोट त्यांनी उचललं नव्हतं. "हितं हाय की ही अजून." मग त्यांनी विचारलं, "न बघितल्यालं झाड काढता येतं का वो?"

"मला बघितलेलंही धड येत नाही."

"म्या सांगते. म्या बघितलंय."

रखमाजी कुऱ्हाड खांद्यावर टाकून गोठ्याकडे गेला. शाळेची वेळ टळून गेली होती, पण मास्तरांनी कोरं पान उघडलं. धोंडाबाईंनी दोन्ही डोळे मिटले.

"खोड जाड. दोघांच्या कवंत न मावनारं. डाव्या अंगाला फांदी, तिला माज्या बापानं टाकल्याला झोका. खाली माजी शेळी बांदलेली."

मास्तर काढत होते, खोडत होते, गारठलेल्या बोटांवर फुंकर घालून पुन्हा काढत होते. मधूनच त्या डोळे उघडून बघत, "आनखी जाड" म्हणत आणि परत मिटून घेत. शेळी अखेर म्हशीसारखीच आली. तीही धोंडाबाईंनी चालवून घेतली.

"आणि बुंध्याशी काय काढू, आजी?" मास्तरांनी विचारलं.

"जिमीन काढा," धोंडाबाई म्हणाल्या. "नुसती जिमीन. पानी नको."