दोन ठोके बाजाराचे

मित्रांनो, मी एक जुना टेहळणी बुरूज आहे. अंगाने भाजक्या विटांचा, आत शहाण्णव पायऱ्यांचा गोल जिना. फरगाना खोऱ्यातल्या एका शहराच्या मधोमध मी उभा आहे. माझ्या माथ्यावरून निळे घुमट दिसतात, कालवा दिसतो, अंगणाअंगणातली तुतीची झाडं दिसतात आणि हवा स्वच्छ असली तर दूरचे बर्फाचे डोंगरही. लोक हे सगळं बघायला येतात. मला मात्र बांधलं होतं धूर बघायला.

आमच्याकडे छपरं लाकडाची आणि घरोघरी कापूस. एक ठिणगी पडली की अख्खी गल्ली जायची. म्हणून माझ्या माथ्यावर मोठा ढोल टांगलेला असे. एक ठोका म्हणजे आग कालव्याकडे, दोन म्हणजे बाजारात, तीन म्हणजे कबरस्तानाच्या बाजूला. ठोके ऐकले की लोक हातातलं काम टाकून, बादल्या घेऊन त्या दिशेला धावत. त्या दिवसांत माझा फार मान होता. माझ्याजवळून जाताना म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून थोडी वाकत.

माझा शेवटचा पहारेकरी हमरोकुल. त्याचा बाप आणि आजाही इथेच पहारा करत. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. एक धाकटी बहीण होती, मोहलार. बाजारात तिचं रजयांचं दुकान होतं. नवऱ्या मुलींसाठी ती कापसाच्या जाड रजया शिवायची. रोज दुपारी ती भावासाठी नान आणि किटलीभर चहा घेऊन माझ्या पायथ्याशी यायची आणि वर बघून, आमच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं अका म्हणून हाक मारायची, "अका, खाली उतरा. ढग काही पळून जात नाहीत, चहा मात्र निवतोय."

पुढे टेलिफोन आले, बंब आले आणि माझं काम संपलं. कित्येक वर्षं माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. विटांच्या फटींतून गवत वाढलं, जिन्यावर पारव्यांची विष्ठा साचली. हमरोकुल तेवढा अधूनमधून येऊन झाडून जायचा.

मग शहराच्या कचेरीने मला पाहुण्यांसाठी उघडलं. हमरोकुलला पुन्हा नेमलं. तो पाहुण्यांना वर न्यायचा, कुठे काय आहे ते दाखवायचा. एके दिवशी एक नवा अधिकारी आला. त्याने हमरोकुलला सांगितलं, की दर तासाला ढोल वाजवायचा, पाहुण्यांना आवडतं. हमरोकुल म्हणाला, की हा ढोल आग लागल्याशिवाय वाजत नाही. अधिकारी शांतपणे म्हणाला, की आगी आता टेलिफोनवर कळतात; वाजवायचं नसेल तर दुसरा माणूस मिळेल.

दोन दिवस हमरोकुलने हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वाजवला. मला सोडून तो जाणार कुठे होता? त्याने बाजाराचे दोन ठोके दिले, कारण ते कानाला बरे वाटत. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या दिवशी बाजारातली माणसं बादल्या घेऊन धावली आणि ओशाळून परतली. आठवड्याभरात कोणी मान वर करेनासं झालं. मोहलार हसून म्हणाली, "अका, तुमच्या ढोलाला आता माझी शेळीसुद्धा कान टवकारत नाही."

अशी तीन वर्षं गेली. मग एका शरद ऋतूतल्या दुपारी रजयांच्या गल्लीतून धुराची काळी रेघ वर आली. हमरोकुलला दिसायच्या आधी मला दिसली. पण मित्रांनो, मला जीभ नाही. त्याने पाहिलं आणि ढोलाकडे झेपावला. दोन ठोके, दोन ठोके, पुन्हा दोन ठोके. खाली बाजारात खरेदी चालूच राहिली. एका खरबूजवाल्याने वर बघून हात हलवला. शेजारी उभा असलेला पाहुणा खूश होऊन टाळ्या वाजवू लागला.

"आग आहे!" हमरोकुल ओरडला. पाहुणा हसला.

सत्तरीतला तो माणूस शहाण्णव पायऱ्या पडत धडपडत उतरला. तो गल्लीत पोचला तेव्हा लोकांनाही कळलं होतं, बंबही निघाला होता. एका लग्नाच्या रजया वाचवायला मोहलार दुकानाच्या मागच्या खोलीत गेली होती. ती धुरात गुदमरून मेलेली सापडली. पाच रजया तिने बाहेर फेकल्या होत्या, सहावी तिच्या हातात होती.

चौथ्या दिवशी हमरोकुल आला. त्याने ढोल सोडवला, पाठीवर घेतला, एकेक पायरी बसत उतरला आणि कचेरीत नेऊन ठेवला. पाहुणे विचारतील त्यांना काय सांगू, असं अधिकाऱ्याने विचारलं.

"सांगा, वाजवणारा मेला," हमरोकुल म्हणाला.

नोकरी गेली, तरी गुडघे चालत होते तोवर तो रोज वर येऊन बाजाराकडे तोंड करून बसायचा. गेल्या हिवाळ्यापासून आलेला नाही. पाहुणे अजून येतात. शहराकडे पाठ करून फोटो काढतात आणि उतरतात.

मित्रांनो, माझ्या विटा पडू लागल्या आहेत. जमलं तर त्या सांधा. नाही जमलं तरी चालेल. पण वर याल तेव्हा एकदा त्या छपरांकडे नीट बघा. त्या प्रत्येकाखाली कोणीतरी काहीतरी शिवत असतं, शिजवत असतं. आणि कुठूनही कोणी हाक मारली, तर ती खरी समजून धावत जा. खोटी निघाली तर फक्त दम लागेल.