बापाचा पासवर्ड

जव्हारच्या मुलींच्या वसतिगृहात कारकून हर्षदा दुपारची हजेरी संगणकावर चढवत होती. गेल्या वर्षी, म्हणजे २००८ साली, संस्थेने पुण्याहून एक वेबसाइट बनवून आणली होती. ज्याचा त्याचा पासवर्ड, ज्याला त्याला नेमून दिलेली पानं. अधीक्षिका कमळाबाईंना नोंदी बदलता येत, कोठी सांभाळणाऱ्या बाईंना फक्त धान्य दिसे, आणि पालकांना आपापल्या मुलीची माहिती. कोणाला काय दिसावं हे ठरवायचं काम हर्षदाचं. पालक म्हणजे बाप, हे तिने कोणालाही न विचारता धरून टाकलं होतं. पालकसभेत बापांना वेबसाइट उघडायला तिनेच हौसेने शिकवलं, आणि सगळ्यांत आधी शिकले ते खोडाळ्याचे मधु गुरुजी.

हे गुरुजी म्हणजे सुधारलेला माणूस हो! शाळेत बालविवाहावर भाषण ठोकणारे. पण सरकारी नोकरीतला जावई दिसला, आणि याच वसतिगृहात राहणाऱ्या स्वतःच्या जयश्रीचं सोळावं सरायच्या आत लग्न ठरवून मोकळे झाले. पोर रडत कमळाबाईंकडे आली. नाही म्हणालीस तर तंगडी मोडीन, असं बापाने सांगितलं होतं. तो बोलेल ते करतो, हे तिच्या पाठीवरच्या वळांवरून दिसतच होतं. बालकल्याण समितीच्या आदेशाने कमळाबाईंनी तिला गुपचूप नाशिकच्या वसतिगृहात हलवलं. मुलगी सुखरूप आहे, एवढंच बापाला कळवलं.

आज हर्षदाने मोठ्या शिस्तीत जयश्रीच्या नावापुढे नवी नोंद केली. नाशिक, वसतिगृहाचा पत्ता, खोली. नोंद साठवली आणि वीज गेली. भारनियमनाची वेळच होती ती. चहाचा कप तोंडाला लावला आणि तिने तो तसाच खाली ठेवला. ही नोंद गुरुजींनाही दिसणार होती.

जव्हारची वीज गेली की खोडाळ्याची येते. मधल्या सुट्टीत गुरुजी शाळेच्या संगणकावर बसतात. एकदा पत्ता वाचला की मोटरसायकलला किक मारायचा अवकाश, संध्याकाळच्या आत ते नाशकात. हर्षदाने सांगताच कमळाबाई नाशिकला फोन लावत राहिल्या. घंटी वाजत होती, उचलत कोणी नव्हतं.

हर्षदा बाजाराकडे धावत सुटली. जनरेटरवर चालणारा सायबर कॅफे एकच होता. पान उघडता उघडेना. घाईत पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चुकला तर खातंच बंद पडणार होतं. तिने घाई सोडली आणि एकेक अक्षर बघून टाकलं. उघडलं. परवानग्यांच्या पानावर गुरुजींच्या नावापुढची खूण तिने काढली. शेजारच्या नोंदीत दिसलं, गुरुजी काल वेबसाइटवर येऊन गेले होते, आज अजून नाही. ती तिथेच खुर्चीत रडली.

पण भीती काही सरली नाही. दुसऱ्या दिवशी मोटरसायकल फाटकात थांबली. पहिलीपासून चौथीपर्यंत याच माणसाच्या छडीखाली ती शिकलेली. त्यांची चप्पल व्हरांड्यात वाजली, तशी ती नकळत उभी राहिली.

मला परवानगी नाही असं दिसतंय, गुरुजी अगदी हळू आवाजात म्हणाले. संस्थेत आपली ओळख आहे, उद्या तू या खुर्चीवर नसशील, हेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. हर्षदाच्या पगारावर घर चालत होतं.

"हर्षदा, तुझं पहिलं अक्षर मी गिरवून घेतलंय. उघड ते पान."

"नाही उघडत, गुरुजी."

"मी बाप आहे तिचा. बापाला कोणाची परवानगी लागते?"

"तिची, गुरुजी."

गुरुजींचा हात वर गेला. दारात कमळाबाई येऊन उभ्या होत्या, त्यांच्यामागे शाळेतून परतलेल्या मुली. हात खाली आला. पोलिसांना बोलावलंय, कमळाबाई म्हणाल्या. गुरुजी बाहेर गेले, पण मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

मुली हलेनात. पोशेऱ्याची येसू, एरवी तोंड न उघडणारी, पुढे आली.

"ताई, माझं लिहिलेलं मला दिसंल का त्यात?"

हर्षदाने परवानग्यांचं पान उघडलं. बापांच्या नावापुढे खुणाच खुणा. मुलींसाठीचा रकाना खालपर्यंत रिकामा. तो तिनेच रिकामा ठेवला होता, आणि इतक्या दिवसांत एकदाही तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिला स्वतःची शरम वाटली.

तिने येसूला आपल्या खुर्चीवर बसवलं. पासवर्ड तू ठरव, म्हणाली, आणि मलाही सांगू नकोस. येसू एका हाताने कळफलक झाकून टाइप करू लागली, तशी हर्षदाने तोंड खिडकीकडे वळवलं. फाटकात मोटरसायकल अजून उभीच होती. तिला भीती वाटत होती. तरी तिने दुसऱ्या मुलीला हाक मारली.

वाचकहो, आपल्या मुलीबद्दल ठरवताना तिला स्वतःला त्यातलं किती बघू देता, हे आज घरी गेल्यावर तिलाच विचारा.