पाय ठेवायची जागा

वाटी ओट्यावरून घसरली आणि दुपारच्या सामसूम घरात ठणकन् फरशीवर पडली. पालथी झाली नाही. काठावर उभी राहिली आणि मोठं वळण घेत सिलिंडरच्या दिशेनं निघाली. पलंगावर मनू चाळवली, तिचे ओठ काहीतरी चोखल्यासारखे हलले, आणि ती परत झोपली. मी वाटी उचलायची सोडून बघत राहिले. वळताना ती आत कलत होती, आणि तिच्याबरोबर माझी टाच फरशीत रुतत होती.

टाच विसरली नव्हती तर.

लग्नाआधी सहा हिवाळे मी गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकवलं. मूळची मी लातूरची. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पला म्हणून गेले आणि तिकडंच रमले. ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, त्या साली मी कमरेएवढ्या बर्फात उभी असायची. बाबा फोनवर म्हणायचे, "उर्वे, थोडा वितळवून धाड की इकडं." मग आलोकशी लग्न झालं, नांदेडला आले, मनस्विनी झाली. ती आता पाच वर्षांची आहे. तिनं मला वेगात कधी पाहिलेलंच नाही. तिला ठाऊक असलेली आई म्हणजे 'पळू नको, पडशील', 'हात धुतलेस का' आणि 'शी, टाक ते'. रस्त्यानं जाताना मी तिचा हात धरते आणि कुठं पाय द्यायचा नाही ते दाखवत जाते: तिथं थुंकलंय, इथं गटार फुटलंय, तिकडून नको. तिच्या वाट्याला आलेली आई एवढीच, आणि मला तिची दया येते.

नांदेडला बर्फ काही यायचा नाही. पण बर्फाशिवायही ते वळण मिळतं, असं गुलमर्गची मुलं सांगायची. लाँगबोर्डवर. म्हणजे कमरेएवढी लांब फळी, खाली चार चाकं. अंगानं कलायचं आणि डांबरावर वळायचं. संध्याकाळी मी आलोकला म्हणाले, मला एक घ्यायचाय.

"ऑनलाइन मागव की," तो पेपर तपासता तपासता म्हणाला. "रेटिंग बघायचं फक्त."

"तू चप्पल तरी पायात घालून बघितल्याशिवाय घेतोस का?"

"चप्पल रोज लागते."

मी लातूरला वीरेशला फोन लावला. वीरेश माझा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "अक्का, तू ये इकडं. आमच्या इथं नरसिंग सर स्केटिंगचा क्लास घेऊन राहिलेत, त्यांच्याकडं तसल्या तीन फळ्या हायेत. कुणाला जमंना गेल्यात. पोरं नुसती पडून राहिलीत."

शनिवारी मनूला घेऊन लातूर गाठलं. रविवारी सकाळी क्लासला गेलो, तर क्लास मंगल कार्यालयाच्या आवारात. आदल्या दिवशीचं लग्न अजून तिथंच पडून होतं. पत्रावळ्यांचा ढीग, त्यावर दोन कुत्री, आंबलेल्या कढीचा वास, जिलबीच्या पाकात चिकटलेले कागदी ग्लास. हात धुवायच्या नळाखालची पांढरी फरशी पानानं आणि तंबाखूनं अशी रंगली होती की मूळ पांढरी कोणती ते शोधावं लागत होतं. त्या सगळ्याच्या मधून दहा-बारा मुलं स्केट घालून गोल फिरत होती. नरसिंग सरांनी तोंडातली थुंकीनं चिंब शिट्टी काढली आणि त्याच हातानं मनूचा गाल ओढला.

"कशी गोड हाय!"

मी ओढणीच्या टोकानं तिचा गाल पुसला. "शी," मनू म्हणाली, अगदी माझ्या सुरात.

तिन्ही बोर्ड भिंतीला टेकवले होते. मी पहिली चूक तिथंच केली. एकेक उभा धरून हनुवटीला लावला. स्नोबोर्डचं माप असंच घेतात, टोक हनुवटीला आलं पाहिजे. इथं एकही हनुवटीच्या जवळपास येईना. मग त्यातला सगळ्यांत लांब होता तो उचलला. टणक, जड, जरा न वाकणारा. बर्फावर मला तसेच आवडायचे.

नवरदेवाची गाडी वर यावी म्हणून हॉलच्या दारापर्यंत काँक्रीटचा उतार केलेला होता. त्यावरून निघाले. खाली आल्यावर थांबायचं म्हणून सवयीनं मागची टाच झटक्यात आडवी मारली. बर्फावर अशानं कड खरवडते आणि माणूस थांबतो. इथं चाकं थांबली. मी नाही.

"बर्फाच्या मॅडम पडल्या!" मुलं ओरडली.

वीरेश धावत आला. "अगं अक्का, एक पाय खाली टेकवून थांबायचं. बांधलेत का तुझे पाय?"

बर्फावर बांधलेलेच असतात. दोन्ही पाय फळीला आवळलेले, तेव्हा पाय खाली टेकवता येतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कोपर सोललं होतं, आणि मनू दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी. "पडशील म्हणत होते ना मी," ती म्हणाली. हे वाक्य तिनं कुणाकडून उचललं ते सांगायला नको.

दुसरा बोर्ड आखूड, चाकं बारकी नि दगडासारखी कठीण. तो कुणीतरी चघळून टाकलेल्या सुपारीच्या खांडावर अडला. तिसऱ्याला हात लावला तसे सर म्हणाले, "ताई, तो राहू द्या. तो भाऊंचा हाय." पण माझा एक पाय वर गेलेला होता.

तो बांबूचा होता. माझ्या वजनानं मधे जरासा खाली झुकला आणि परत वर आला, झोपलेल्या मुलाच्या पोटावर हात ठेवल्यावर हाताला जे जाणवतं तसं. चाकं मोठी, मऊ. उतारावर मी बोटांवर कलले आणि तो वळला. टाचेवर कलले, इकडं वळला. कढीच्या थारोळ्याला वळसा, कुत्र्यांना वळसा, खुर्च्यांच्या चळतीला वळसा. खाली आल्यावर निमूट एक पाय टेकवला आणि थांबले. छातीत इतकं मोकळं झालं होतं की त्या घाणीचा वाससुद्धा क्षणभर आला नाही.

"आई, परत!" मनू ओरडली.

परत, ती मला म्हणाली. एरवी ती गोष्टीला म्हणते, आइस्क्रीमला म्हणते.

"हाच घेते," मी सरांना म्हणाले.

"तेच तर सांगून राहिलो ताई. तो विकायचा न्हाई. भाऊंनी आणवलाय, वाढदिवसासाठी. हे बघा, भगवानराव आलेच."

भाऊ म्हणजे त्या भागातले पुढारी. त्यांना मी फक्त चौकातल्या फ्लेक्सवर पाहिलेलं. भगवानराव हे त्यांचे उजवे हात. कडक पांढरे कपडे, काखेत कागदाची सुरळी, तोंडात पानाचा तोबरा. रस ओघळू नये म्हणून ते हनुवटी वर करून बोलायचे, त्यामुळे समोरच्याला त्यांच्या नाकपुड्या दिसायच्या.

"ह्याच का बर्फावरच्या बाई?"

"हाव साहेब. आत्ताच चालवून दाखवल्या. लई भारी."

"नऊवारी नेसता येते का, ताई?"

"कशाला?" मी विचारलं.

"भाऊंच्या मिरवणुकीत म्होरं बुलेटवर बाया असतात, ते आता लई जुनं झालं. तुम्ही म्होरं ह्या फळीवर. नऊवारी, नथ, फेटा, गॉगल. वरून ड्रोन. मिरवणूक संपली की फळी तुमची. भाऊंकडून भेट."

"फेटा, नथ आणि गॉगल," वीरेश म्हणाला. "तोंड कुठं ठेवायचं हिनं?"

भगवानरावांनी ते कानाआड केलं. सुरळी उलगडली. फळीच्या मापाचा चकचकीत स्टिकर होता तो, त्यावर भाऊ नखशिखांत, हात जोडून उभे, पायांत पांढरे बूट.

"हे आधी खालून चिकटवायचं ठरलं होतं," ते म्हणाले. "पण मग भाऊंचं तोंड रस्त्याकडं होतं. अन् रस्त्यावर लोक थुंकतात." एवढं बोलून ते नळाकडं गेले, पचकन थुंकून आले, आणि बोर्डवर वरच्या अंगानं स्टिकर बसवायला लागले. पाय घसरू नये म्हणून तिथं पॉलिश पेपरसारखा खरबरीत कागद असतो. त्यावर त्यांनी भाऊंना तळहातानं दाबून दाबून चिकटवलं.

"वरून पाय असतात," मी म्हणाले.

हात थांबला. "कुठं असतात?"

"पुढचा इथं असतो. भाऊंच्या तोंडावर."

मुलं फिस्सकन हसली. सरांनी शिट्टी मारली.

"मग फिरवू. तोंड मागं घेऊ."

"मागं मागचा पाय असतो."

"मग दोन्ही पाय मधी ठेवा. कमरेवर. पोटावर चालतंय, पोटाचं काय एवढं?"

"मधे पाय जुळवून उभं राहिलं की वळता येत नाही हो."

"वळायचं कशाला?" भगवानराव खरोखर चकित झाले होते. "मिरवणूक सरळच जाते."

वीरेश माझ्याकडं बघत होता. मी आता काहीतरी फाडकन बोलेन असं त्याला वाटलं असणार. सासरी नांदेडला जाईपर्यंत मी तशी होते. पण मी बोर्डकडं बघत होते आणि मनात हिशेब चालला होता. एका दिवसाचाच प्रश्न. नऊवारी काय, बहिणींच्या लग्नातही नेसलेच की. स्टिकर नंतर निघेल, डिंक रॉकेलनं जाईल. त्या माणसाच्या लाल दातांची किळस आली होतीच, पण त्याहून जास्त ह्या हिशेबाची आली. तरी तो थांबला नाही.

"एकदा उभं राहून बघते," मी म्हणाले.

"अक्का!" वीरेश म्हणाला.

"बघते नुसतं."

"बघा की, बघा. आणि ताई, पाय ठेवायच्या आधी नमस्कार करा. पायरीला करतो तसा. मग दोष न्हाई."

मी बोर्ड उताराच्या वर नेला. वाकले. बोटं स्टिकरला लावली, कपाळाला लावली. स्टिकर भगवानरावांच्या हातानं ओलसर झाला होता. एक पाय भाऊंच्या पोटावर ठेवला, दुसरा त्याला जुळवून. असं पाय जुळवून गुलमर्गच्या पहिल्या दिवशीच्या पर्यटकांनासुद्धा मी उतारावर सोडलं नसतं. बोर्ड निघाला. कलायला गेले तर कलताच येईना, आणि त्या गुळगुळीत कागदावरून पाय निसटले. मी आडवी झाले. डावा हात मनगटापर्यंत कढीत गेला. तळहाताखाली एक मऊ, फुगलेली पुरी होती.

भगवानराव धावले. माझ्यावरून पुढं गेले, भिंतीला आपटलेला बोर्ड उचलला, खिशातून रुमाल काढला आणि भाऊंचा चेहरा हळुवार पुसू लागले. रुमालावर पानाचे डाग होते.

"चेहऱ्याला काही झालं न्हाई," ते सरांना म्हणाले. "खरचटला बुटाला नुसता."

वीरेशनं मला उठवलं. बाटलीतलं पाणी हातावर ओतलं, तो स्वतःच्या शर्टाला पुसला. "चल घरी," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पुण्याहून दुसरा आणू आपण. मी जातो आणायला."

"तिथून तू चालवून बघून आणणार का?"

"मग मी चालवायला शिकतो, पण तू चल."

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. जायला हवं होतं. पण पायांना अजून ते आधीचं वळण लागत होतं, आणि मनूचं 'परत' कानात होतं. मी भगवानरावांच्या हातातून बोर्ड घेतला.

"जमतंय, जमतंय," ते म्हणाले. "बर्फावर जमलं, हितं का न्हाई जमणार? फक्त चेहरा सांभाळा."

परत उतार चढले. मनू माझ्या कुडत्याचं टोक धरून मागं मागं आली. माझ्या हाताला कढीचा वास होता, तरी ती लांब झाली नाही. वर पोचल्यावर मी बोर्ड खाली ठेवला. पुढचा पाय जिथं हवा तिथं नेला, चेहऱ्याच्या वर, आणि तो तिथंच अधांतरी राहिला. खाली नळापाशी ते सगळे वर बघत होते. पाय मागं घेतला, पोटावर ठेवला. मग तिथूनही उचलला.

मनू उकिडवी बसली. भाऊंच्या चेहऱ्यावर बोट ठेवून तिनं तो दाबून पाहिला, नाक, चष्मा, मिशी. मग माझ्या वर धरलेल्या पायाकडं पाहिलं आणि माझ्याकडं.

"आई, हे काका तर चित्रातले आहेत," ती म्हणाली. "मग तू ह्यांना का भितेस?"