कुंदाकाकींच्या घरातली चूल

गंधाली परब दर शनिवारी सकाळी मुलुंडहून गोवंडीला जायची, कुंदाकाकींच्या गच्चीवर. हवेतले बारीक कण मोजणारं यंत्र तिने तिथे बसवलं होतं. विद्यापीठात वातावरणशास्त्रात तिची पीएचडी चालू होती. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावरून येणारा धूर आसपासच्या घरांत किती शिरतो, हा तिचा विषय.

पहिल्या आठवड्यानंतर तिने यंत्राचं झाकण उघडलं, तेव्हा आतला पांढरा फिल्टर काळा आणि चिकट झाला होता. जळक्या प्लॅस्टिकचा आणि कुजक्या मांसाचा असा काही वास आला की ती गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन ओकली. काकींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पयल्यांदा असाच होता गो. आमका आता वास येवचो बंद झालो."

काकी मूळच्या कणकवलीकडच्या. गिरणी बंद पडल्यावर नवऱ्याबरोबर परळ सोडून इथे आलेल्या. यंत्र आल्यापासून त्या एका वहीत लिहायच्या. 'सोमवार. सकाळी सहा ते नऊ धूर. खिडक्या लावल्या. सुनेला खोकला.' हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गंधालीने तारखा ताडून पाहिल्या, तर काकींनी लिहिलेल्या वेळेलाच यंत्राचे आकडे चढलेले. तेरा महिने हे असं चाललं.

मग एका बुधवारी सामंत सरांची मेल आली. डॉ. नंदकिशोर सामंत तिचे गाईड. कचऱ्याच्या त्या डम्पिंगजवळ सात टॉवर उभे करणाऱ्या एका बिल्डरसाठी हवेचा अहवाल तयार करायचं काम त्यांनी घेतलं होतं. सोबत मसुदा होता आणि खाली सहीसाठी तिचं नाव. अठराव्या पानावर लिहिलं होतं : 'गोवंडी केंद्राची आकडेवारी वगळली आहे. संबंधित घरात लाकडाची चूल पेटवली जात असल्याने मोजमाप दूषित झाले.' त्या आकड्यांच्या जागी विद्यापीठाच्या गच्चीवरचे आकडे होते, तिथून चौदा किलोमीटरवरचे.

ती तशीच केबिनमध्ये गेली. सर ढोकळा खात होते.

"ये गं, घे."

"सर, त्या घरात चूल नाहीये."

"असेल गं एखादी. वस्तीत असतेच."

"तेरा महिने जातेय मी तिथे. गॅसवर स्वयंपाक करतात."

"कोण जाऊन बघणार आहे?" त्यांनी बोटाला लागलेली चटणी चाटली. "तुझे आकडे खोटे आहेत असं मी म्हणतच नाहीये. बरोबरच आहेत. पण ते इथे घातले तर प्रोजेक्ट जाईल ना. तू थिसिसमध्ये घाल, तिथे कोण वाचतंय? इथे सही कर."

तेच ओलं बोट त्यांनी कागदावर ठेवलं. तिच्या नावाखाली हिरवट डाग पडला.

गंधालीला वाटलं होतं की आपल्याला राग येईल, निदान भीती तरी. तसं काही झालं नाही. तिला किळस आली. आकडा नकोसा असला तरी खोडायचा नाही, हे तिला याच माणसाने शिकवलं होतं.

"मी सही करणार नाही," एवढंच म्हणून ती बाहेर पडली.

शनिवारी काकींना सांगताना तिची मान वर होईना. काकींनी सगळं ऐकून घेतलं, तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं, ओटा दाखवला, सिलिंडर दाखवला, ओट्याखालची डब्यांची रांगसुद्धा दाखवली.

"बघ. खंय आसा चूल? धूर त्यांचो, आणि नाव माझ्या चुलीचा?" त्यांचा आवाज चढला. "शी! शिकलेली माणसा ना ती?"

मग त्यांनी वही तिच्या हातात दिली. "घेवन जा. आणि नाव पुरा घाल. कुंदा शांताराम गावकर."

गंधालीने विभागाच्या समितीला लेखी तक्रार केली. वहीची पानं, ओट्याचे फोटो, यंत्राच्या तपासणीचे कागद, सगळं जोडलं. लॅबमधली निधी म्हणाली, "वेडी आहेस का यार? वाट लागेल तुझी." पुढच्या आठवड्यात त्या अहवालावर निधीची सही झाली. त्यानंतर ती गंधालीच्या नजरेला नजर देईना. सरांनी माणसं पाठवून गच्चीवरचं यंत्र काढून आणलं.

समितीने चार महिने घेतले. अहवाल मागे घेतला नाहीच. चुलीचं वाक्य तेवढं काढलं, तिथे 'तांत्रिक कारणास्तव' असं घातलं आणि गोवंडीचे आकडे परिशिष्टात, ब्याण्णवाव्या पानावर टाकले. टॉवरचं काम सुरू झालं. गंधालीला दुसरे गाईड मिळाले, पण सगळं मार्गी लागेपर्यंत दीड वर्ष जास्त गेलं. प्रबंधात तिने एक पूर्ण प्रकरण गोवंडीवर लिहिलं आणि निरीक्षक म्हणून काकींचं नाव घातलं, पूर्ण.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले. नंतर हॉलमध्ये गंधाली पेढे वाटत होती, तेव्हा सामंत सर हसत पुढे आले. हात पुढे करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अभिनंदन! शेवटी विद्यार्थिनी कुणाची?"

गंधालीने त्या हाताकडे पाहिलं.

"तुमची नाही, सर," ती म्हणाली आणि पेढ्यांचा बॉक्स त्यांच्यासमोरून तसाच पुढे नेला.