कोपरा फाटलेलं कार्ड

योगिताला उद्या कॉलेजात उभं राहून दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचं होतं आणि विषय होता एका जुन्या इंग्रजी कादंबरीतली पत्रं. गाइड घोकून आलेल्या दोघांना वंदनामॅडमनी गेल्या आठवड्यात शून्य देऊन अर्ध्यातच खाली बसवलं होतं. मनचं बोला, म्हणे! योगिताला आयुष्यात एक पत्र आलं नव्हतं. ती मनचं काय बोलणार, कपाळ?

सुरतेत कोसाड वस्तीतल्या खोलीत तिची आई कलाबाई साडीला खडे चिकटवत होती. पोरीचे सुस्कारे ऐकून तिनं विचारलं, "काय शे त्या पुस्तकमा?"

"एक मुलगी असते, माय. ज्याच्यावर तिचा राग, तोच तिला लांबलचक कागद लिहितो. पहिल्यांदा वाचते तेव्हा तिला सगळं खोटं वाटतं. दुसऱ्यांदा वाचते आणि तिचं मतच पालटतं. असं होतं का कुठं?"

कलाबाईचा हात थांबला. "व्हस व बेटा. मना संगे व्हयनं." आणि तिनं जे सांगितलं, ते योगिता पहिल्यांदाच ऐकत होती.

लग्नाला वर्ष झालेलं. कलाबाई खान्देशात सासरी, नवरा गोपाल सुरतेत कापडाच्या लूमवर कामाला. गोपालला लिहिता येत नव्हतं, त्याची पत्रं सोबतचे पंडितकाका लिहून द्यायचे. एकदा असंच कार्ड लिहून झालं आणि स्वारीनं खुशीत तंबाखू मळायला घेतली. डबीतला चुना काढायला काही मिळेना, म्हणून त्याच कार्डाचा कोपरा फाडला आणि कार्ड तसंच पेटीत टाकलं. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर, हे त्यांच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या दिवशी गोपालची अक्कल गेली होती चरायला.

गावात विठ्ठल पोस्टमन ते कार्ड घेऊन मान खाली घालूनच आला. असलं कार्ड घरात नेत नाहीत. अंगणात वाचून तिथंच फाडतात. घरचा सुरतेत एकच माणूस, तेव्हा नाव कळायच्या आतच सासूनं हंबरडा फोडला. विठ्ठलनं कार्ड वाचलं, पण त्या रडारडीत कुणाच्या कानावर अक्षर पडलं नाही. शेजारच्या प्रमिलाबाईंनी तर बांगड्या फोडायला कलाबाईचा हातच धरला. सासऱ्यांनी फाडायला म्हणून कार्ड ओढलं, पण विठ्ठल काही सोडेना.

"म्हने, मी परत वाचस, तवलोंग कोनी हात लावानं नही," कलाबाईनं विठ्ठलचे शब्द सांगितले.

आणि ओट्यावर चढून, घसा फोडून त्यानं ते पुन्हा वाचलं. गोपालला खोली मिळाली होती. पाडव्याला तो कलाबाईला न्यायला येणार होता.

कलाबाईनं मनगट पुढं केलं. "हाऊ चुडा त्यानामुये शे."

योगिताला भरून आलं. मग डोळे पुसून तिनं गाइड मिटलं आणि लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी कार्डाची आणि पोस्टमनची गोष्ट सांगताना तिचं इंग्रजी दोनदा अडखळलं, पण कुणी हसलं नाही. पत्र आणि वाचणारा यांच्यामध्ये आधीच काहीतरी येऊन बसलेलं असतं, ती म्हणाली. कादंबरीतल्या मुलीच्या मध्ये राग होता, माझ्या आईच्या मध्ये फाटका कोपरा. म्हणून पत्र दुसऱ्यांदा वाचावं लागतं.

वंदनामॅडमनी चष्मा काढून ठेवला. मार्क नंतर. आधी त्यांनी विचारलं, "त्या पोस्टमनना तुमच्याकडून कधी पत्र गेलं का?"

गेलं नव्हतं. तेव्हा सून परक्या पुरुषाशी बोलत नसे. मग सुरत, लूम, पोरं, आणि ते राहूनच गेलं.

येताना ती पोस्टातून कार्ड घेऊन आली. विठ्ठल आता म्हातारे झालेत, पण गावातच आहेत. संध्याकाळी कलाबाईनं सांगितलं आणि योगितानं लिहिलं: विठ्ठलभाऊंना कलाबाईचा नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. मुलगी कॉलेजात शिकते. तुम्ही त्या दिवशी कार्ड सोडलं नाही, तुमचे उपकार मी रोज आठवते. सांगायला फार उशीर झाला.

शेजारी बसून ऐकणाऱ्या गोपालनं नाक ओढलं आणि खिशातून तंबाखूची डबी काढली. त्यासरशी कलाबाईनं कार्ड उचलून पदराआड घेतलं. मग चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवून पाहिलं आणि ते योगिताच्या हातात दिलं.

"आते जाय, टाकी ये."