चौथी सही

बँकेने साडेचारशे कापले आणि दीडशे परत केले, तेही उपकार केल्यासारखे. नुसती तोंडाला पानं पुसली असती तर मी दोन दिवस बडबड करून गप्प बसले असते. पण सोबतच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: ‘चेकवरील सही अन्य व्यक्तीने केल्याची शक्यता असल्याने उर्वरित दंड परत करता येत नाही.’

आता आमच्या शिवणकामाच्या दुकानात माणसं दोनच. खातं वन्संच्या नावावर, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीच्या. त्या कापड आखतात, कापतात आणि मी शिवते. मग ही अन्य व्यक्ती कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. अस्तरवाल्याला दिलेला चेक सही जुळत नाही म्हणून परत आला, दंड बसला, आम्ही तक्रार केली, आणि उत्तर काय, तर मी चोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांत गल्ल्यातले सुट्टे पैसेसुद्धा मी वन्संना सांगितल्याशिवाय उचललेले नाहीत.

हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. अर्ज मी त्याच दुपारी आणला. नवरा म्हणाला, तीनशेसाठी कुठे बँकेच्या पायऱ्या झिजवतेस. मी म्हटलं, तीनशे गेले खड्ड्यात, मला ती ओळ खोडून हवी आहे. अर्जात एकच अट होती, खातेदाराने स्वतः येऊन साहेबासमोर तीनदा सही करायची.

मला वाटलं वन्सं लगेच उठतील. एक बटण कमी निघालं म्हणून अख्खा खोका परत पाठवणारी बाई ती. पण त्या नुसत्या “जाऊ दे” म्हणाल्या आणि खडू शोधायला लागल्या. खडू त्यांच्या हातातच होता.

मग मीही अबोला धरला. कामापुरतं बोलायचं, बाकी तोंड मिटून मशीन चालवायची. माझ्या अब्रूची किंमत यांना तीनशेचीही वाटत नाही, हे काही केल्या मनातून जाईना. आतल्या आत धुमसत मी तब्बल बारा दिवस काढले.

तेराव्या दिवशी एक काळा लोकरी कोट शिवायला घेतला. आमच्या दुकानाचा नियम असा की वन्संच्या खडूच्या रेघेवरून टाके घालायचे, त्यात शिवणारीने डोकं चालवायचं नाही. खिशापाशी रेघ थरथरत गेली होती. मी सवयीने बोटाने कापड सावरलं, रेघ मनातल्या मनात सरळ केली, सुईखाली धरलं आणि तिथेच थांबले. सवयीने? ही सवय मला लागली कधी? आठवून बघितलं तर सहा-सात महिने मी हेच करत होते. कापड सरकतं म्हणत होते. कडा वेड्यावाकड्या येतात म्हणून कात्रीला धार लावणाऱ्याला तर दोनदा झापलं होतं बिचाऱ्याला.

मान वर केली. वन्सं चहा पीत होत्या, अर्धाच कप, दोन्ही हातांनी धरून. हल्ली त्या अर्धाच मागायच्या.

चेकवरची सही त्यांचीच होती. बँकेत जाऊन तीन सह्या करायच्या म्हणजे त्या हाताचा गवगवा करून यायचं. आणि थरथरत्या हाताच्या बाईकडे कापायला कापड कोण टाकणार? चाळीस वर्षं लोक येत होते ते त्या हातावर विश्वास ठेवून. मी अर्ज चिंध्यांच्या पेटीत तळाशी कोंबला. म्हटलं, राहू दे मला चोर. जिवावर आलं, पण केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात शिरले तर तोच अर्ज टेबलावर, कडक इस्त्री केलेला. वन्संच्या पायांत चपला होत्या.

“माझ्या या हातामुळे तुला कुणी चोर म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही,” त्या म्हणाल्या. “चल.”

मी अडवून बघितलं. गिऱ्हाइकांना कळेल म्हटलं, धंदा बसेल म्हटलं. त्या कुलूप घेऊन दारात उभ्या राहिल्या.

बँकेतला साहेब तरुण होता, बोलायला सभ्य. त्याने पेन दिलं. वन्संची पहिली सही रेघेखाली घसरली, दुसरी वर चढली, तिसरीचं शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं. त्यांचे कान लाल झाले होते. मी पंख्याकडे बघत राहिले. साहेबाने जुना नमुना शेजारी ठेवला आणि हळूच म्हणाला की यातली एकही जुळत नाही.

“बरोबर,” वन्सं म्हणाल्या. “एकमेकींशीही जुळत नाहीत. आता तो चेक काढा, शेजारी ठेवा आणि सांगा, ही चौथी दुसऱ्या कुणाची वाटते का?”

साहेबाने चेक काढला. चारही सह्या त्याने एकेक करून ताडून बघितल्या. मग म्हणाला, तीनशे आठवड्याभरात जमा होतील, आणि सहीचा नवा नमुनाही आजच करून घेऊ. मी तर उठलेच होते. वन्सं हलल्या नाहीत. पैसे सावकाश द्या म्हणाल्या, आधी ती ओळ चुकीची होती असं लिहून द्या. त्याने लिहिलं, शिक्का मारला. वन्संनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मागे रांग होती, आणि मीही आवाज काही बारीक काढला नाही.

दुकानात आल्यावर कोटाचं उरलेलं कापड त्यांनी टेबलावर पसरलं आणि खडू माझ्या हातात दिला. आजपासून आखायचं आणि कापायचं मी, म्हणाल्या, आणि त्या शेजारी उभ्या राहणार. मी नको नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

मी पहिली रेघ मारली. डोळ्यांत पाणी भरलं होतं, ती खिशापाशी वाकडी गेली.

वन्संनी वाकून बघितलं.

“पूस,” त्या म्हणाल्या. “परत मार.”