नाकोबाची डांबरगोळी

गल्लीच्या टोकाला कुणी कांदा चिरायचा नुसता विचार केला, तरी इकडे दुकानात बसलेल्या अत्तरवाल्याचे डोळे पाणावत. खोटं वाटतं? वाटू द्या. दूध तापल्याच्या वासावरून ते किती कपांचं आहे, हेही तो सांगे. लोक त्याला नाकोबाच म्हणत.

साथीच्या पहिल्या फेरीत आजाराने नेमका त्याच्या नाकावर दरोडा घातला. गुलाब आणि रॉकेल त्याला सारखंच. नाक ठिकाणावर आल्यावर त्याने नेम केला: थोरल्या बहिणीकडे जाण्याआधी डांबरगोळी हुंगायची. वास आला, तरच जायचं. अक्काची छाती तोळामासा. साथ उसळली की ती सगळ्या जगाला दार बंद करी. नाकोबाला तेवढं उघडं.

एकदा घसा खवखवत होता. त्याने डांबरगोळी हुंगली. वास थेट मेंदूत गेला. स्वारी निघाली.

दारात भाची आडवी आली. "मामा, आवाज बसलाय तुझा. घरात चाचणीची पट्टी आहे, तेवढी करून मग आत ये."

"अगं, असलं नाक असताना त्यात काडी कशाला घालू?"

"येऊ दे गं त्याला," आतून अक्का म्हणाली. "त्याचं नाक कधी खोटं बोललंय?"

बहीणभाऊ एका पलंगावर बसून दूध प्यायले. आठवडा सरायच्या आत अक्का हॉस्पिटलात, नाकात ऑक्सिजनची नळी.

डांबरगोळीची गोष्ट ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला नाही, एवढंच. "अहो, विषाणू बदलत जातो. आधीच्या प्रकारात बऱ्याच जणांचा वास जायचा. आताच्यात फारसा जात नाही, घसा धरतो."

घरी येऊन नाकोबा आरशासमोर उभा राहिला. चोराला किल्ली देणाऱ्या रखवालदाराकडे बघावं, तसं त्याने नाकाकडे बघितलं. "त्याने कपडे बदलले, आणि तू सलाम ठोकून आत सोडलंस?"

अक्का वाचली. ती घरी आल्यावर नाकोबा गेला. या खेपेला चाचणी करून, पट्टी हातात धरून. अक्काने खिडकीतूनच पट्टी निरखली.

"ठीक आहे. पण तू बाहेरच बस."

"अक्का, मला काय माहीत, तो आजार असा..."

"आजार बदलला, ते कळतं मला. पण पोर चाचणी कर म्हणत दारात उभी होती रे. तिला मी गप्प केलं, तुझ्या भरवशावर."

तो पायरीवर बसला. आत शेगडीवर दूध तापायला लागलं. नाकोबाने खोल श्वास ओढला. नाक आता अगदी खरं बोलत होतं.

दूध एकाच कपाचं होतं.